तीनशे साठ देठ

लढाई थंडावली की पलटणीत पहिली हाक पडते ती हजेरीची. यादी हातात घेऊन हवालदार एकेक नाव पुकारतो. उत्तर आलं की नावापुढे खूण. नाही आलं, की शेजारी लढत असलेल्यांना विचारणा: पडताना कोणी पाहिलं? कुठे? हालचाल होती का? कोणी खात्रीने सांगितलं तर नोंद ‘मयत’. दवाखान्याची चिठ्ठी असेल तर ‘जखमी’. दोन्ही नसेल तर ‘बेपत्ता’. विचारणा करण्याजोगे शेजारीच उरलेले नसतात, अशा दिवशी ही तिसरी यादी सर्वांत लांब होते.

मग कागद वाट पाहतो. कैद्यांच्या याद्या येतात, दूरच्या इस्पितळातून एखादं नाव उगवतं. काही महिने उलटूनही काहीच कळलं नाही तर सरकारी कामापुरता त्या माणसाला मेलेला धरतात, म्हणजे पेन्शनीचं पुढे सरकतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेत हा काळ साधारण सहा महिन्यांचा, पुष्कळदा जास्तही. घरच्यांची वाट पाहणं मात्र असल्या मुदतीत बसत नाही. आपल्याकडच्या पुराव्याच्या कायद्यात सात वर्षं आहेत, धर्मशास्त्रात बारा. सात वर्षं काहीच खबर नसेल, तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. बारांकडे नंतर येतो.

इथे डोळ्यांपुढे आहे तो एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यातून निघून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पोचलेला मराठा शिपाई. तिथे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच ‘पूना डिव्हिजन’. तिच्या तीन ब्रिगेडींत तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. १०५ नंबरची पलटण मागाहून, १९१६ च्या सुरुवातीला आली. हे नंबर आज कुठे दिसत नाहीत, कारण १९२२ मध्ये फौजेची फेरमांडणी झाली. १०३ ची पहिली बटालियन झाली, जिला आपण ‘जंगी पलटण’ म्हणतो. १०५ ची दुसरी झाली, ती ‘काळी पाचवी’. ११० ची तिसरी आणि ११७ ची पाचवी. जुन्या कागदांत पणजोबा शोधायला निघालेला माणूस पहिल्यांदा अडखळतो तो इथेच. घरात ‘मराठा लाईट इन्फंट्री’ एवढंच ठाऊक असतं आणि कागदावर त्या काळचा तीन आकडी नंबर असतो.

माणूस सापडत नाही याची कारणं आपल्याला वाटतं त्याहून साधी आहेत. पहिलं म्हणजे माघार. मैदान ज्याच्या हाती राहतं, प्रेतं त्याच्या हाती राहतात. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे सलमान पाकजवळ, जुन्या तेसिफोनच्या कमानीपाशी, पूना डिव्हिजनने तुर्कांवर हल्ला केला. लढाई दोन-तीन दिवस चालली, चार हजारांहून जास्त माणूस मेला किंवा जखमी झाला आणि उरलेली फौज नदीकाठाने मागे हटत तैग्रिसकाठच्या कुत या गावी आली. मागे राहिलेल्यांना आपल्या माणसांनी माती देणं शक्यच नव्हतं. जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत नेलं. त्या धक्क्यांनी वाटेत जे गेले, त्यांना वाटेतच ठेवावं लागलं.

दुसरं कारण पाणी. कुतला तुर्कांनी घातलेला वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा चालला. आतल्यांना सोडवायला खालून आलेल्या फौजेने शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयात अशा एकामागून एक लढाया केल्या. त्यांत सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली. हन्नाची लढाई जानेवारीतल्या थंड पावसात झाली, सन्नैयातच्या एप्रिलमध्ये, डोंगरातलं बर्फ वितळून तैग्रिस फुगलेली असताना. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला दलदल आणि मध्ये सपाट चिखलाची पट्टी. तिथे खणलेला खड्डा दोन हातांवर पाणी दाखवतो. पूर ओसरला की वरची माती एकसारखी होऊन जाते, काल कुठे खणलं होतं ते खणणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तिसरं, खूण टिकत नाही. त्या मुलखात लाकूड दुर्मीळ. कबरीवर रोवलेला लाकडी क्रूस किंवा पाटी ही तिथे चुलीपुरती ढलपी असते, ती कोणी उचलून नेली तर नवल नाही. दगड लावला तरी जमिनीतलं मीठ त्याला खातं. अमारा इथल्या युद्धस्मशानात साडेचार हजारांहून जास्त कबरी आहेत. तिथल्या जमिनीतल्या क्षारांनी दगड झपाट्याने झिजताहेत हे लक्षात आल्यावर १९३३ मध्ये सगळे शिरोदगड काढून टाकावे लागले आणि नावं एका भिंतीवर घेतली. म्हणजे ज्यांच्या कबरी ठाऊक होत्या, त्यांचीही ही गत.

चौथी गोष्ट हिंदू शिपायापुरती, आणि ती सहसा कोणी बोलत नाही. मित्रांनी कुठून तरी लाकूड जमवून त्याला अग्नी दिला, तरी युद्धस्मशानांच्या हिशोबात त्याची कबर नाहीच. त्याचं नाव जातं ते ‘कबर अज्ञात’ असलेल्यांच्या भिंतीकडे. म्हणून त्या भिंतीवरचा प्रत्येक जण रानात बेवारस राहिला, असं समजू नये. काहींना मुखाग्नी मिळाला असेल, राख तैग्रिसला मिळाली असेल. त्याची नोंद ठेवण्याचा रकानाच त्या हिशोबात नव्हता.

ओळख हरवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते निव्वळ योजनेतल्या चुकीचं. १९१६ च्या सप्टेंबरपर्यंत ब्रिटिश फौजेत शिपायाच्या गळ्यात ओळखीची एकच चकती असे. तो पडला की मित्र ती चकती काढून घेत, कारण मृत्यू झाल्याचा पुरावा कचेरीत द्यायचा असे. पुरावा कचेरीत पोचे आणि देह त्याच क्षणी निनावी होई. नंतर कोणी त्याला खणून काढलं तर ओळखायला काही उरलेलं नसे. मग दोन चकत्यांचा हुकूम निघाला: हिरवी अष्टकोनी देहासोबत ठेवायची, लाल गोल कचेरीत द्यायची. तोवर कुत पडून पाचेक महिने झाले होते. शिवाय त्या चकत्या दाबलेल्या तंतूंच्या पुठ्ठ्याच्या. ओल्या जमिनीत त्या कुजत. धातू असता तर काय झालं असतं, हे सियाचिनने दाखवलं. १९८४ मध्ये बर्फाखाली गेलेल्या कुमाऊं रेजिमेंटच्या एका लान्स नायकाचा देह ३८ वर्षांनी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये सापडला, आणि चकतीवरच्या आर्मी नंबरावरून त्याची ओळख पटली. घरच्यांना त्याला अग्नी देता आला.

युद्ध संपल्यावर फ्रान्स-बेल्जियममध्ये खणणाऱ्या तुकड्या महिनोन् महिने मैदानं चाळत होत्या. कुठे खणायचं याच्या त्यांच्या खुणा ठरलेल्या असत. जमिनीत उलटी रोवलेली बंदूक. आजूबाजूपेक्षा जास्त गर्द, निळसर हिरवं गवत. खड्ड्यात साचलेलं हिरवट काळं पाणी. उंदराच्या बिळाच्या तोंडाशी आलेली बारीक हाडं. देह निघाला की आधी गळा आणि मनगट, मग खिसे, मग बूट आणि चमचा, कारण चमच्यावर आणि बुटावर पुष्कळांनी आपला नंबर ठोकलेला असे. इतकं करूनही हजारोंची नावं लागली नाहीत. इराकच्या वाळूत आणि गाळात तर यातल्या बहुतेक खुणा उमटतच नाहीत.

म्हणून भिंती आल्या. युद्धात पडलेल्यांच्या कबरींचं काम पाहणारा आयोग, म्हणजे आजचं ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’, १९१७ च्या मे महिन्यात सनद मिळून उभा राहिला. हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद न करता प्रत्येकाचं नाव कोरायचं, हे त्याचं घोषित तत्त्व. फ्रान्समध्ये नव शापेल इथे त्याने भारतीयांसाठी वेगळं स्मारक बांधलं. १९२७ च्या ऑक्टोबरात त्याचं अनावरण झालं. मधोमध अशोकस्तंभाच्या धर्तीचा खांब, दोन्ही बाजूंना वाघ आणि गोल भिंतीवर साडेचार हजारांहून जास्त नावं. त्यांत साध्या शिपायांची नावंही आहेत. तिथे तत्त्व पाळलं गेलं.

बसऱ्याला पाळलं गेलं नाही.

बसऱ्याचं स्मारक २७ मार्च १९२९ रोजी खुलं झालं. मेसोपोटेमियात १९१४ च्या शरदापासून १९२१ च्या ऑगस्टअखेरपर्यंत मेलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त माणसांचं हे स्मारक. त्यांत सर्वांत मोठा वाटा भारतीयांचा. भिंतीवर पलटणीचं नाव आहे, तिच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची नावं आहेत, सुभेदार-जमादारांची नावं आहेत. त्याखाली हवालदार, नाईक, शिपाई यांचा नुसता आकडा. इतके इतर भारतीय सैनिक, बस्स. नावं कागदावरच्या नोंदवहीत राहिली, दगडावर चढली नाहीत. गोऱ्या शिपायाचं नाव मात्र त्याच भिंतीवर अक्षर न् अक्षर आहे.

‘या लोकांना नावाचं एवढं काही वाटत नाही’ असा समज या निर्णयामागे होता. तो किती खोटा, हे पाहायला लांब जायला नको. भीमा कोरेगावचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारनेच तो उभारला आणि त्यावर पडलेल्या साध्या शिपायांची नावं कोरली, ‘नाक’ हा शेवट असलेल्या महार शिपायांच्या नावांसकट. १८१८ नंतर जे जमलं ते पुढे शंभर वर्षांनी बसऱ्याला जमू नये, याला खर्च किंवा गैरसोय ही कारणं मला पटत नाहीत. आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीचा अहवाल २०२१ च्या एप्रिलमध्ये आला. त्याने ४५,००० ते ५४,००० जणांना असमान वागणूक मिळाल्याचं आणि किमान १,१६,००० जणांचं, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत जणांचं, नावानिशी स्मरण झालंच नसल्याचं मान्य केलं. कारणांत वंशभेदाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. आयोगाने माफी मागितली, ब्रिटिश संसदेतही मागितली गेली. पणतूच्या पिढीला मागितलेली माफी ती. ज्या आईने त्या आकड्यातला एक गमावला होता, तिला आपला मुलगा आकडा झाला हे बहुधा कधी कळलंही नसेल.

स्मारक मुळात बसऱ्याच्या बंदराच्या धक्क्यावर होतं; तो आकडा आज तिथे नाही. १९९७ मध्ये इराकच्या अध्यक्षांच्या हुकुमाने सगळं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर आत वाळवंटात नेऊन परत जोडलं गेलं. ज्यांचे देह हरवले त्यांची भिंतसुद्धा एकदा हलली.

आपल्याकडे सातारा, रत्नागिरी या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक छोटी पाटी बसवलेली असते. या गावातून महायुद्धावर इतके जण गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. तिथेही आकडाच. पण गावातला आकडा आणि बसऱ्याचा आकडा यांत फरक आहे. गावातल्या आकड्यातला प्रत्येक जण कोणत्या घरातला, हे निदान दोन पिढ्या तोंडी ठाऊक असतं. आपले वीरगळही असेच बिननावाचे: खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र, सूर्य आणि कलश. कोणाचा आहे ते गाव सांगायचं. सांगणारे संपले की शेंदूर चढत जातो आणि वीर देव होऊन बसतो. त्यात वाईट काही नाही, पण तो आता कुणाचा मुलगा राहिलेला नसतो.

म्हणून नाव शोधायचं. हे काम घरबसल्या होतं. आयोगाच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे आणि बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली शिपायांची नावं तिथे आहेत. मात्र घरात जसं म्हणतात तसं नाव टाकलं तर बहुधा काहीच हाती लागत नाही. मराठी नाव कारकुनाने ऐकून इंग्रजीत उतरवलेलं असतं. पवार हा ‘पोवार’ असतो, जाधव ‘जाडव’ किंवा ‘जाडो’, शिंदे ‘सिंदे’, भोसले ‘भोंसले’. शेवटचा ‘राव’ असतो किंवा नसतो. पुष्कळदा आडनावच नसतं, नुसतं स्वतःचं नाव. तेव्हा आडनावाने सुरुवात न करता पलटणीचा जुना नंबर आणि स्मारकाचं नाव टाकावं आणि येणारी यादी डोळ्यांनी चाळावी. यादी लांब येते. अमुक पद्धतीनेच लिहिलेलं असेल असा हट्ट न धरता प्रत्येक नाव मोठ्याने उच्चारून पाहावं. डोळ्याला परकं वाटणारं स्पेलिंग कानाला ओळखीचं लागतं.

नाव जुळलं तरी लगेच आपलं म्हणू नये. एकाच पलटणीत एकाच नावाचे तिघे-चौघे सहज असतात. नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असला तर तो पडताळावा, आणि तोही त्या काळच्या हद्दीने. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला. रायगड म्हणजे कुलाबा. गाव सावंतवाडी, कोल्हापूर, भोर अशा संस्थानातलं असेल तर जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव असतं. शिपाई नंबरावर एकट्यावर भरवसा टाकू नये, कारण तेव्हा नंबर पलटणीपुरता असे. १०३ मधला २१०० आणि ११७ मधला २१०० ही दोन वेगळी माणसं. आणि मृत्यूची तारीख पाहताना हे ध्यानात ठेवावं की बेपत्ता माणसाची तारीख ही पुष्कळदा त्याला शेवटचं पाहिल्याची किंवा कागदावर मेलेला धरल्याची असते. कुतमध्ये कैद होऊन पायी अनातोलियाकडे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाकडे, नेलेल्यांच्या बाबतीत तर ती फारच सैल असते.

तारीख सैल, देह नाही, अस्थी नाहीत. मग घरच्यांनी काय केलं असेल? इथे ती बारा वर्षं येतात. मरण नक्की कळलं असेल तर थांबायचं कारण नाही. नुसता बेपत्ता असेल तर बारा वर्षं वाट पाहावी आणि मग पालाशविधी करावा, असं शास्त्र सांगतं. पळसाच्या पानांचे ३६० देठ घेऊन माणूस मांडायचा. गरुडपुराणात हिशोब दिलेला आहे: डोक्याला ४०, गळ्याला १०, छातीला २०, पोटाला २०, दोन्ही हातांना मिळून १००, कमरेला २०, मांड्यांना १००, गुडघ्या-पोटऱ्यांना ३०, शिश्नाला ४, वृषणांना ६, पायाच्या बोटांना १०. बेरीज करून पाहा, बरोबर ३६० भरते. डोक्याच्या जागी नारळ. लोकरीच्या दोऱ्याने सगळं बांधायचं, जवाच्या पिठाने लिंपायचं, काळविटाच्या कातड्यावर ठेवायचं आणि मग खऱ्या देहासारखा अग्नी द्यायचा. पळसाला पानं तीनच, म्हणजे ३६० देठांसाठी हजारावर पानं खुडावी लागतात. माघ-फाल्गुनात पळस निष्पर्ण होऊन नुसता फुलतो, तेव्हा देठ मिळत नाहीत. मग दर्भावर भागवतात.

शास्त्राने परत येणाऱ्याचाही विचार केलेला आहे. पुतळा जाळल्यावर माणूस जिवंत परतला, तर त्याला तुपाच्या कुंभात न्हाऊ घालायचं, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. आशा सोडायला सांगतानाही ती पुरती बुजवून टाकलेली नाही.

मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. त्यांच्या घरी प्रश्न निराळा होता. देह समोर नसताना जनाज्याची नमाज पढावी की नाही, यावर फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, शाखांत मतभेद आहे. शाफई पंथात ती चालते, हनफींत नाही. कोकणी मुसलमान शाफई, देशावरचे बहुतांश हनफी. एकाच खंदकात हरवलेल्या दोघांपैकी एकाच्या गावी नमाज झाली असेल, दुसऱ्याच्या गावी नुसती दुआ.

बसऱ्याच्या भिंतीवर आकड्याने माणूस पुसला. इथे आकड्यानेच तो उभा केला, गळा दहा देठांचा, छाती वीस देठांची, मोजून. हातांना शंभर दिले, आणि तेवढेच मांड्यांना. ज्याने कुणी हे पहिल्यांदा मांडलं त्याने माणसाचं अंग नीट पाहिलेलं होतं.

आता कोणी शंभर वर्षांनी पालाशविधी करायला बसणार नाही. पण नोंद सापडली असेल तर ती वहीत पूर्ण उतरवून ठेवावी, देवनागरीत, बापाच्या नावासह, पलटणीच्या जुन्या आणि नव्या नंबरासह. इंग्रजी स्पेलिंग आहे तसंच शेजारी लिहावं, चुकलेलं असलं तरी, कारण पुढच्याला ते त्याच चुकीने सापडणार आहे. आणि तिथी ठाऊक नाही म्हणून अडून राहायचं कारण नाही. पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीपुढे शस्त्राने गेलेल्यांचं श्राद्ध असं लिहिलेलं असतं. तो माणूस कोणत्या दिवशी पडला हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. पानावर भात वाढायचा, पाणी सोडायचं आणि नाव घ्यायचं.